तांबडी पिशवी

पल्लवी पाचगणीच्या एका निवासी शाळेत पोरांना घोड्यावर बसायला शिकवायची. पण तिचा निम्मा दिवस पागेतले खूर साफ करण्यात आणि लीद तपासण्यात जायचा. कवठे महांकाळकडच्या तिच्या मेंढपाळ भावकीत घोड्यांच्या विषयातली पदवी घेतलेली ती पहिलीच. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहायला त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या घोड्या. म्हणून वडील नानासो म्हणायचे, "माशाच्या पोरीला पव्हायचं कालेज!"

ती चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आली आणि दुसऱ्याच सकाळी त्यांची घोडी चांदणी व्यायला बसली. दहा-बारा घोड्यांची बाळंतपणं केलेले नानासो निवांत होते. आधी पांढुरकी पाणमोट, मग पुढचे पाय, हा क्रम त्यांना पाठ. पल्लवीनं शेपटी उचलली. बाहेर आलेली पिशवी मखमलीसारखी लालभडक होती.

कॉलेजात मॅडमनी असाच फोटो दाखवून विचारलं होतं, काय कराल? सगळा वर्ग म्हणाला, डॉक्टरला फोन. "करा, पण आधी कापा," मॅडम म्हणाल्या होत्या. "डॉक्टर येईपर्यंत शिंगरू उरत नाही."

"आबा, वार आदी सुटलीया. शिंगरू आत गुदमरतंय. कात्री द्या!"

"खुळी झालीस व्हय? वार फाडलीस तर घोडी जाईल. पाणी फुटू दे."

"न्हाई फुटायचं, आबा!"

नानासोंनी तिचं मनगट धरलं. घोडी कण्हली, पिशवी वीतभर पुढं सरकली. आबांचंच खरं असलं तर? तिनं नुसता फोटो बघितलेला, हातानं कधीच केलेलं नव्हतं.

"आई, लोकरीची कात्री आण!"

हरणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि कात्री लेकीच्या हातात ठेवली. नानासोंची पकड सुटली.

पिशवी कातड्यासारखी चिवट. पहिला घाव घसरला, दुसरा लागला. पाण्याचा लोंढा तिच्या अंगावर आला. आतलं पांढरं आवरण तिनं नखांनी फाडलं, तेव्हा दोन खूर हाताला लागले.

"आबा, धरा! कळ आली की वडा, खालच्या अंगाला!"

तिसऱ्या कळेला शिंगरू बाहेर पडलं, ते निपचित. जीभ निळी. पल्लवीनं नाकपुड्या पुसल्या, पोत्यानं अंग खसाखसा चोळलं, नाकात काडी फिरवली. हरणाबाई बिरोबाला हाका मारत होती. शेवटी शिंगरू शिंकलं.

पण दोन तासांत उठून प्यायला हवं होतं, ते आचळ न सापडता दुपारपर्यंत भिंतीलाच तोंड लावत राहिलं. पल्लवी चांदणीचा चीक काढून तासातासाला बाटलीनं पाजत होती. फोन करून बोलावलेले डॉक्टर आले, इंजेक्शन देऊन म्हणाले, "दोन दिवस काही सांगता येत नाही." तिनं शाळेत फोन करून सुट्टी वाढवली.

तिसऱ्या सकाळी शिंगरू धडपडत आचळाला लागलं. नानासो लेकीजवळ आले.

"समजा तू हितं नसलीस," ते म्हणाले, "तर नेमकं कुठनं कापायचं?"

पल्लवीनं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं.