भोंगा, फ्लॉपी आणि आमच्या चौदा मशीन

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. कारखान्याच्या मागं मळी साठते तसे ते आपोआप साठत जातात, आणि मग एखाद्या दिवशी वास सुटतो!

परवा तसंच झालं. माझी पुतणी पुण्याला मोठ्या कंपनीत मी करायचो तेच कॉम्प्युटरचं काम करते. तिनं सांगितलं, "काका, मी एक बटण दाबते आणि पाचशे मशीनवर नवं सॉफ्टवेअर जातं." मला हसूच आवरेना. आमच्या वेळी चौदा मशीन होत्या आणि बटण म्हणजे माझे पाय. नव्वदीची शेवटची वर्षं. माजलगावच्या बाजूला एक साखर कारखाना, त्यातला कॉम्प्युटर विभाग, आणि त्या विभागात मी एकटा. नांदूरघाटचा दिलीप, औरंगाबादहून कोर्स करून आलेला. स्वतःला लई शहाणा समजायचो.

*

नवा प्रोग्राम टाकायचा तर चौदाही मशीनवर जुना एकाच वेळी बंद करावा लागे. एकानं जरी चालू ठेवला तरी नोंदींचा काला. ऑफिसं सगळ्या आवारात विखुरलेली, फोन मोजकेच. मग मला कल्पना सुचली. टाइमकीपरला गाठलं आणि अकरा वाजता एक जादा भोंगा द्यायला लावला. भोंगा झाला की सगळ्यांनी प्रोग्राम बंद करायचा.

भोंगा झाला. चौदाच्या चौदा मशीन बंद. मी खूश! पण वर्कशॉपचे कामगारही हात धुऊन डबे सोडून बसले. शेजारच्या वस्तीवरच्या गुरुजींनी भोंग्यावर घड्याळ लावून शाळा सोडली. पोरं आमच्याच आवारात खेळायला आली.

एमडी साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमचा प्रोग्राम चालू करायला गाव बंद करावं लागतं का?"

दुसऱ्या वेळेपासून शिपाई हातात घंटा घेऊन टेबलाटेबलावर फिरू लागला.

*

या चौदांखेरीज तेलगावच्या गट ऑफिसात एक मशीन होती. तिथं वायर पोचत नव्हती, म्हणून प्रोग्राम फ्लॉपीवर जायचा आणि उसाच्या नोंदी फ्लॉपीवरच परत यायच्या. ने-आण करायचा शेतकी मदतनीस काशीनाथ. मोटरसायकलवर, वैशाखाच्या उन्हात. मी त्याला तीनदा बजावलं होतं की फ्लॉपीला ऊन लागता कामा नये.

काशीनाथ मन लावून काम करणारा माणूस. नागवेलीची पानं बाजारात नेतात तशा त्यानं पाचही फ्लॉप्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि वाटेत दोन ठिकाणी थांबून पोत्यावर पाणीही मारलं. माझ्या हातात देताना म्हणाला, "बगा सायेब, हात लावून बगा, कशा गार हायत!"

पंख्याखाली सुतळी बांधून मी त्या वाळत घातल्या. एक चालली. बाकी चार फ्लॉप्यांसाठी काशीनाथ त्याच उन्हात परत गेला, आणि मला त्याची माफी मागावी असं वाटत राहिलं. मागितली मात्र नाही.

*

वजनकाट्यावर बबन असायचा. त्याच्या स्क्रीनवर महादेवाचं चित्र, पत्त्यांचा खेळ, काय काय. खेळातून कुठून तरी व्हायरस आला आणि सगळीकडं पसरला. मी चिडलो. चौदाही मशीनवरचं सगळं पुसून टाकलं आणि एकच प्रोग्राम ठेवला. दुसरं काही टाकायची सोयच बंद केली. सगळ्या मशीन बघायला एकसारख्या. मला त्याचा केवढा अभिमान!

बबन म्हणाला, घर झाडून नेल्यागत वाटतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं महादेवाचा कागदी फोटो आणला आणि काचेच्या कोपऱ्यात वरून चिकटवला. नेमकं तिथंच निव्वळ वजन दिसायचं. मग प्रत्येक बैलगाडीला बबन फोटो पडद्यासारखा उचलायचा, वजन बघायचा, फोटो सोडायचा. बाहेर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत.

तक्रार ऐकून एमडी साहेब स्वतः आले. फोटो दिसताच त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि आल्या पावली परत गेले. फोटो काढायला सांगायची मग माझी काय छाती होती!

*

आता आप्पांचं सांगतो.

गंगाधरआप्पा ऊस नोंदणीचे क्लार्क. कपाळाला विभूती, डोक्याला टोपी, अक्षर मोत्यासारखं. कुणाचा ऊस कोणत्या गटात, कोणत्या जातीचा, लागवड कधीची, सगळं तोंडपाठ. शेतकरी ऑफिसात शिरला की आप्पा त्याच्या आधी त्याचा गट नंबर सांगत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

हंगामाच्या तोंडाला एमडी साहेबांनी हुकूम काढला. मोळी टाकून गाळप सुरू व्हायच्या आधी प्रत्येक क्लार्कनं त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर एक नोंद करून दाखवायची. जमली नाही तर बदली गोडाऊनला, पोती मोजायला.

आप्पांना गोडाऊनची भीती नव्हती. ते मला एवढंच म्हणाले, "दिलीपराव, मान्सं माझ्या टेबलाला येत्यात. पोत्यांसंगं मी काय बोलू?"

मी महिनाभर शिकवलं. आप्पा एका बोटानं टायपायचे, दाराची कडी वाजवावी तसं. एक अक्षर, मग चष्मा वर करून स्क्रीनकडं बघणं, मग दुसरं. माझा धीर सुटला. मला त्या माणसाची लई माया लागली होती, आणि ते नापास होणार याची खात्रीच वाटत होती.

माझ्याकडं एक जादू होती. सर्व्हरपाशी बसून कुठलीही मशीन मला माझ्या स्क्रीनवर उघडता यायची, तिच्यावर लिहिताही यायचं. आदल्या दिवशी आप्पांना मी बेत सांगितला. तुमी नुसती बोटं हलवा, लिहितो मी. टेबलावरच्या इंटरकॉमवरून मला फोन लावून रिसीव्हर बाजूला काढून ठेवा, म्हणजे साहेब काय सांगतात ते मला ऐकू येईल. तुमची मशीन सात नंबरची. हा नंबर मशीनच्या पोटात असतो, टेबलाला नसतो, म्हणून मी बरोबर तुमच्याच मशीनवर येईन, हेही मी फुशारकीनं समजावलं. आप्पांनी मान डोलावली.

परीक्षेच्या सकाळी मी दाराला कडी घालून बसलो. सात नंबर उघडली. रिसीव्हरमधून साहेबांचा आवाज आला. ते नोंदणीची चिठ्ठी वाचू लागले. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागवडीची तारीख. मी घामाघूम होऊन टायपत होतो. तेवढ्यात पलीकडं साहेब हसले आणि "वा आप्पा!" म्हणाले. मी म्हटलं, जिंकलो! आणि नोंद जतन करायचं बटण दाबलं.

स्क्रीनवर मीच लिहून ठेवलेला संदेश आला. 'ही नोंद आधीच झालेली आहे.'

तेवढ्यात दारावर थापा. उघडलं तर बबन, पांढराफटक. काट्यावरची मशीन आपोआप लिहायला लागली होती. मी विचारलं, मशीनला कुणी हात लावला होता का? तर म्हणाला, सकाळी आप्पा आलते. दोघांनी मिळून स्क्रीनखालचा मशीनचा डबा बदलला, आप्पांचा काट्यावर आणि काट्यावरचा आप्पांकडं. कावून, ते आप्पांनी सांगितलं न्हाई.

मी पळतच नोंदणीत गेलो. साहेब निघून गेले होते. आप्पांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"दिलीपराव, तुमची खटखट फोनातून येत हुती. माजं होऊन गेलतं, तुमचं आपलं चालूच."