पुनोचं घुमट

पुनोला मी फसवलं. देसायानं नव्हे, फिरंग्यानं नव्हे — मी. हे माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. मधे हुंकार देऊ नका.

आम्ही गोव्यातून पळालेली माणसं. फिरंग्याविरुद्धचं बंड फसलं आणि घाट चढून इंग्रजी मुलखात, अणशीच्या रानात झोपड्या घातल्या. मी बांबू-हिरड्याच्या व्यापारात शिरलो, घासाघीस करून वर आलो. आमचा पुढारी मात्र जन्माचा देसाई. गाव गेलं, ऐट शाबूत. माझा बाप डोक्यावरून मीठ वाहायचा, म्हणून मला हाक काय, तर 'मीठवाल्या'.

या देसायानं हुकूम काढला — परत जाईपर्यंत शिमग्याला घुमट वाजवायचं नाही. का? आमचा शिमगा मांडावर होतो. गावातली ठरलेली जागा. तिथं दिवा लावायचा, नारळ ठेवायचा, घुमटावर नमन गाऊन गावच्या देवांना हाक मारायची. एकदा बसला की मांड हलत नाही. तो इथं बसला तर गाव सुटलं, असं त्याचं राजकारण. त्याच्या स्वतःच्या ओसरीवर हुबळीचा ग्रामोफोन वाजे. त्यानं गाव सुटत नव्हतं वाटतं.

पुनो आमचा घुमटवाला. मातीचं मडकं, तोंडावर घोरपडीचं कातडं. घाट चढताना त्यानं तांदळाचं गाठोडं टाकलं, पण घुमट पोटाशी धरून आणलं. शिमगा जवळ आला की माझ्या वखारीत येऊन रिकाम्या डब्यावर बोटं मारत बसायचा.

"शेट, पोरगी हितंच जल्मली. तिला आपल्या देवांची नावं ठाव न्हाईत."

"मग सांग की."

"नुस्ती कशी सांगू? ती वाजवून सांगायची असत्यात."

खरं बोलू? मलाही ऐकायचं होतं. त्याहून जास्त — देसायाचा हुकूम मोडलेला बघायचा होता. पण स्वतः मोडायची छाती होती का? मी व्यापाऱ्याची पळवाट काढली.

"दिवा नको, नारळ नको. मग मांड कसला? नुसतं वाजव. देसायांना विचारलंय मी. व्हय म्हणालेत."

मी विचारलं नव्हतं.

शिमग्याच्या संध्याकाळी वखारीपुढं त्यानं कातडं जाळावर शेकलं आणि वाजवायला लागला. तेवढ्यावर थांबला असता तर... पण हात तापले आणि तोंडून नमन निघालं. पहिलंच नाव देसायाच्या गावच्या देवाचं. माणसं झोपड्यांतून धावत आली, गायली, रडली. देवाला हाक गेली — मांड बसला. माझी पळवाट जागच्या जागी मेली.

सकाळी देसायानं सगळ्यांना बोलावलं. "कुणी सांगितलं तुला?"

"शेटनी," पुनो म्हणाला. "तुमची परवानगी हाय म्हणाले."

"काय रे मीठवाल्या?"

"मी कशाला सांगेन?" मी म्हणालो. "प्यायलेला असेल."

पुनो दारूला शिवत नसे. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी गळा फाडून गाणारे ते शूर सगळे जमिनीकडे बघत राहिले. पुनोला वाळीत टाकलं. आणि देसायानं पहिल्यांदाच आपल्या घोंगडीवर मला जागा करून दिली. मी बसलो — बसलो ना!

निघताना पुनो एवढंच बोलला, "शेट, सौद्यात तुमचा सबूद फिरत न्हाई म्हणत्यात लोक."

इथं कुणी पाणी देईना, म्हणून बायको-पोरीला घेऊन तो घाट उतरला, आपल्या गावच्या मांडाकडे. फिरंग्याच्या शिपायांनी चौकीवर धरला. बायको आणि पोर परत आली. तो आला नाही. घुमटही नाही.

पुढं फिरंग्यानं माफी दिली तसा देसाई परत गेला, घोड्यावर बसून, ग्रामोफोन गाडीत घालून. ज्यांना जाऊन कसायला जमीन नव्हती ते इथंच राहिले. मांडही राहिला, माझ्या वखारीपुढं. दरसाल पहिला नारळ ठेवायचा मान माझा, आणि मी तो निर्लज्जपणे घेतो. पुनोची पोर आता मोठी झाली. ती लांब फणसाखाली उभी राहते, मांडावर येत नाही. दारुड्याची पोर म्हणतात तिला.

देसायानं घाट चढून यावं. या मांडावर, तिच्या तोंडावर सांगावं — त्याच्याच देवाला हाक मारणाऱ्याला वाळीत का टाकलं. आणि तो उभा राहायच्या आधी मी उभा राहीन. पुनो प्यायलेला नव्हता. वाजव म्हणालो, तो मी.