प्रेमदासचं तिसरं दार

वारंगा फाट्यावर हळद शिजवायचे कुकर बनवणारा एक कारखाना आहे. त्याचे मालक व्यंकटराव म्हणजे नव्या कल्पनांचे वेडे. पण कल्पना आभाळातून पडायची वाट बघत बसणारा हा माणूस नव्हे. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून ते एक पद्धत शिकून आले आणि कारखान्याच्या भिंतीवर चार दारं रंगवून घेतली. पहिल्या दारात कल्पना सांगायची, दुसऱ्यात नमुना करायचा, तिसऱ्यात तो खरी हळद शिजवून तपासायचा, चौथ्यात विकायला काढायचा. दर दसऱ्याला एक तरी नवी वस्तू बाजारात गेलीच पाहिजे, हा नेम.

तिसऱ्या दारावर त्यांनी प्रेमदासला बसवलं. बाळापूरकडच्या तांड्यावरचा हा वेल्डर बोलायला कमी, पण खोट काढण्यात वस्ताद. "ह्याच्यापुढं देव उभा केला तरी म्हणेल, आधी हळद शिजवून दाखव," असं सगळे चिडवायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. त्यानं 'नाही' म्हटलं की मालकसुद्धा गप्प बसत. कारखान्याचं नाव झालं ते निम्मं त्या 'नाही'मुळे.

मग रणजीत नावाच्या फिटरनं नवं झाकण आणलं. झाकणाला बोल्ट आवळत बसायची कटकट नको. एकच दांडा, ओढला की काम झालं. सगळे खूश. पण इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. ओली हळद निघते माघात, आणि दसरा तर तोंडावर आलेला. तपासून विकायचं तर झाकण पुढच्या वर्षावर जाणार होतं. प्रेमदास म्हणाला, "थांबा."

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा मांडली, तेव्हा कुणीतरी ते झाकणही पाटावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आता पूजेला बसलेली वस्तू नापास म्हणून कोण बाजूला काढणार? आपल्याकडे तसं कुणी करत नाही.

"प्रेमदास, देवापुढं मांडलेलं हाय," व्यंकटराव म्हणाले. "आता काहून अडवून राहिला?"

मालकाला कधी न घाबरलेला हा माणूस एका हाराला घाबरला. हात जोडून बाजूला झाला. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!

माघात साखरा गावच्या उकंडराव नावाच्या शेतकऱ्याकडे ते झाकण उडालं. वाफेचा लोट शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, मनकर्णाच्या अंगावर आला. ती दवाखान्यात तळमळून गेली.

कारखान्यात बैठक बसली. गिऱ्हाइकानं दांडा नीट ओढला नव्हता, असं ठरलं, आणि त्याच बैठकीत पहिल्या दारात नवी कल्पना आली: दांड्याला खिट्टी बसवायची. प्रेमदासनं तसलंच दुसरं झाकण वाफेवर धरून पाहिलं होतं. तो म्हणाला, "मालक, तापलं की दांड्याची पकड ढिली होती. आपण हळद शिजवून बघितलीच न्हाई."

"मग हेच तर शिकलो ना आपण," व्यंकटराव शांतपणे म्हणाले. "तू खिट्टीचं बघ."

एका बाईचं मरण कल्पना होऊन दाराशी उभं राहिलं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.  दुसऱ्या दिवशी प्रेमदास कारखान्यात गेलाच नाही, थेट साखऱ्याला गेला.

उकंडराव ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. ह्यानं घाईत झाकण लावलं आणि बायको मारली, असं अख्खं गाव म्हणत होतं. सासरच्यांनी त्याचं तोंड बघणं सोडलं होतं. लेक प्रतीक्षा मामाकडे निघून गेली होती.

"दादा, मी कारखान्यातून आलो," प्रेमदास उभ्याउभ्याच म्हणाला. "झाकण तपासायचं काम माझं होतं. मी न तपासता सोडलं. तुमची काहीच चूक न्हाई."

उकंडराव मारायला उठला नाही. उठला असता तर प्रेमदासला बरं वाटलं असतं.

"म्हंजे मी बराबर लावलं होतं?"

"व्हय. बराबर."

"झोपेत बी त्यो दांडाच ओढून राहतो मी," उकंडराव म्हणाला.  त्यानं नाक पुसलं. "पोरगी माझा फोन उचलत न्हाई. तुमच्या फोनवरून लावा."

त्यानं नंबर सांगितला. फोन लागला.

"कोण बोलतंय?" पलीकडून पोरीचा आवाज आला.

चुकून लागला म्हणावं आणि ठेवून द्यावा, असं प्रेमदासला वाटलं. उकंडराव त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"बाई, तुझ्या आईला मी मारलं," प्रेमदास म्हणाला. "तुझ्या बापानं न्हाई."