धुक्यातली धावपट्टी आणि आमचं गाऱ्हाणं

गणपती घरात बसले होते आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. इथे परदेशात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोदकांचा वास, पाहुण्यांची ये-जा, आणि मी मात्र सारखा फोन बघत होतो. 'देवा, एवढं निभावून ने,' असं मनात चाललं होतं. पण काय निभावायचं, ते देवालाही सांगायची हिंमत नव्हती.

मी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत आहे. उत्तर ध्रुवाकडच्या एका खाणीला सामान पोचवणं हे माझं काम. तिथे रस्ता नाही. उन्हाळ्यात समुद्राचा बर्फ वितळतो, तेवढ्यात जहाजं जाऊन येतात. एरवी खडीच्या आखूड धावपट्टीवर उतरेल असं छोटं विमान, तेही हवामानाची मर्जी असेल तर. यंदा तिथल्या वस्तीच्या हीटिंगचा पंप बदलायचा होता. शेवटच्या जहाजात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पाइप बसावेत म्हणून मी पंप वगळला, 'विमानाने पाठवू' म्हटलं. पंपाचं माप बघितलं, विमानाच्या दाराचं बघितलं; लाकडी खोक्याचं धरायला विसरलो. जहाज गेलं, आणि उत्तरेच्या विमानतळावर खोकं दारातून आत जाईना. आमचे साहेब, मिस्टर लिम यांनी विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं, "पंपाच्या कारखान्याने माप चुकीचं दिलं. पंपच मोठा आहे." कारखानेवाले नाही नाही म्हणत राहिले, पण साहेबांनी इतक्या वर्षांच्या माणसाचं खरं धरलं. मग सगळे मोठं विमान शोधत बसले, जे त्या धावपट्टीवर उतरूच शकत नव्हतं. पंप वेळेत गेला नाही तर कडक थंडीआधी तिथली माणसं हलवावी लागणार होती. 'खोकं उघडा' एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण ते म्हटलं की माझं खोटं उघडं पडणार.

विसर्जनाआधी आम्हा मालवणी लोकांत गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे मोठ्याने मागणं मांडतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. यंदा घालणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या ब्लॉकमध्ये लेकीकडे आलेले एक अनोळखी आजोबा दर्शनाला आले आणि नारळ हातात घेऊन सरळ पुढेच उभे राहिले.

"घरधन्याचा काय मागणा आसा?"

"सगळ्यांचं बरं होऊ दे," मी म्हटलं.

"ता मी म्हणतलंयच. तुजा काय ता सांग. देवाक मोघम चलत नाय."

बायको म्हणाली, "आजोबा, हे माझ्याशीपण मोघमच बोलतात." सगळे हसले. मीही हसायला गेलो, आणि मला रडूच फुटलं. मग पंप, खोकं, कारखान्यावर ढकललेली चूक, सगळं भडाभडा बोलून गेलो. आजोबांनी खाकरून नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या हातून चूक झाली, वर खोटा बोललो. ता पदरात घे, आणि थंयच्या माणसांका ऊब गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा आवाज उठला की अंगावर काटा आला. माझी मुलगी इथल्या इंग्रजीत ओरडली, "पप्पा, जस्ट कॉल हिम लाह!"

तिथेच, गणपतीसमोर साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यू ट्राइंग टू किल मी, इज इट?" आणि लगेच, "ओपन द क्रेट. नाऊ." खोकं उघडलं. नुसता पंप दारातून आत गेला!

दुसऱ्या संध्याकाळी विमान निघालं, तर खाणीजवळच्या धावपट्टीवर धुकं. मी घरी निघालो होतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या फोनवरचा विमानाचा ठिपका बघत होतो. तो घिरट्या घालायला लागला. इंधन संपत आलं की परत फिरणार, आणि पुढे हवा बिघडतच जाणार होती. सेंगकांग आलं नि गेलं, मला भानच नाही. ठिपका एकदा परतीकडे वळला. "देवा, तुला हवं ते कर," मी पुटपुटलो. पहिल्यांदाच मनात कुठली अट नव्हती, स्वतःला वाचव असंही नव्हतं. ठिपका पुन्हा वळला, खाली आला आणि दिसेनासा झाला. मी श्वास धरून उभा. मग साहेबांचा फोन: "लँडेड लाह! लँडेड!" भर डब्यात मी "मोरया!" ओरडलो. समोरच्या आंटी दचकल्या, मग हसल्या. धुक्यात मध्येच फट पडून धावपट्टी दिसली, असं पायलटने नंतर कळवलं. तसं तिकडे होतही असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

साहेबांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच होतं. कारखान्याच्या मॅनेजरची मी स्वतः जाऊन माफी मागितली; त्यांनी आधी चार शब्द सुनावले आणि मग चहा दिला. खाणीतून निरोप आला, की हीटिंग सुरू झालं, माणसं तिथेच राहणार. तो वाचून मी देवापुढे बराच वेळ हात जोडून बसलो. इतकी वर्षं मी शरण जाणं म्हणजे देवाने आपल्या चुका झाकून घेणं, असं समजत होतो. त्याने मला उघडं केलं, आणि ऊब तिकडे कुणाला तरी मिळाली. याहून मोठी कृपा मागायची तरी कशी?