पटलावरचा साकव

दिनानाथ प्रधानांना विधानसभेची किळस आली ती एकोणीसशे ब्याण्णवच्या मार्चमध्ये, एका बुधवारी, सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांना तिच्याबद्दल फार आदर होता.

आदर असायला कारणही होतं. दिनानाथ अंबरनाथ पश्चिमेला राहायचे आणि उल्हासनगरच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. कचेरी रस्त्यांची आणि लहानसहान पुलांची. कुठल्याही आमदाराने या भागाबद्दल विधानसभेत प्रश्न विचारला, की तो मंत्रालयातून निघून एकेक पायरी उतरत शेवटी दिनानाथांच्या टेबलावर येऊन पडे. वर लाल शाईत शेरा असे, ‘आज सायंकाळपर्यंत माहिती सादर करावी.’ मग साहेबांची धावपळ, टायपिस्टची कुरकुर, आणि या सगळ्या गोंधळात दिनानाथ मात्र चष्मा पुसून शांतपणे उत्तर लिहायला बसत. ते उत्तर पुन्हा तसंच पायऱ्या चढत वर जाई आणि एके दिवशी खुद्द मंत्री ते सभागृहात उभे राहून वाचत. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या तर दिनानाथ त्या बायकोला दाखवीत. “मालिनी, हे वाक्य माझं आहे बरं का.”

“असेल. जाताना दळण टाकून जा,” मालिनीबाई म्हणत.

तर या दिनानाथांकडे त्या वर्षी फेब्रुवारीत एक प्रश्न आला. बदलापूरपासून आत, डोंगराच्या कुशीत कारवीवाडी नावाची वीस-बावीस घरांची वाडी आहे. तिथल्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे माणसं पायी जातील एवढा लहानसा पूल, गेल्या पावसाळ्यात वाहून गेला हे खरे आहे काय? असल्यास, येत्या पावसाळ्यापूर्वी तो बांधण्यात येणार आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय? प्रश्न विरोधी बाकावरच्या स्थानिक आमदाराचा होता.

अशा वेळी कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन बघायचं असतं. पण ते पद आठ महिने रिकामं होतं. उपअभियंता शंकरराव म्हणाले, “प्रधान, तुम्हीच एक चक्कर मारून या. जीप न्या.” आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा आमच्या कचेऱ्यांचा कारभार, तिथे कारकुनाने पूल तपासला तर कुणाला नवल वाटणार?

दिनानाथ गेले. बघायला तिथे काही नव्हतंच. ओढ्याच्या दोन्ही काठांवर दगडी बांधकामाचा एकेक ठोकळा उभा होता आणि मधे मोकळी हवा होती. वाडीतला भीमा नावाचा म्हातारा त्यांच्याबरोबर काठाकाठाने हिंडला. पुराचं पाणी कुठवर चढलं ते त्याने जांभळाच्या खोडावर हात लावून दाखवलं. मग खाली बसून त्याने एक गोष्ट सांगितली. मागच्या श्रावणात त्याच्या सुनेचं, येसूचं, पोट दुखायला लागलं. झोळी करून तिला या काठापर्यंत आणली. पलीकडे बदलापूरचा रस्ता, दवाखाना, सगळं होतं. ओढा काही दिवसभर उतरला नाही. संध्याकाळी ती तिथेच, पावसात, लुगड्याच्या आडोशाला बाळंत झाली. पोर गेलं. “आता तिला परत दिस गेल्यात,” भीमा म्हणाला. “परत सरावनातच येतंय बघा.”

दिनानाथ त्या रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी कचेरीत जाऊन त्यांनी उत्तर लिहिलं. होय, हे खरे आहे. साकव पूर्णतः वाहून गेला असून पावसाळ्यापूर्वी बांधणे अत्यंत निकडीचे आहे. आयुष्यात इतकं सरळ उत्तर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

शंकररावांनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं.

“प्रधान, हा साकव आपण गेल्या वर्षी मे महिन्यात दुरुस्त केलाय.”

“साहेब, तिथे साकवच नाही.”

“कागदावर दुरुस्त केलाय ना? मेमध्ये दुरुस्त केलेला साकव जुलैत वाहून गेला असं मी लिहून दिलं, तर उद्या चौकशी कुणाची लागेल? माझी. आणि फाइलवर अक्षर कुणाचं आहे? तुमचं.” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “रिटायरमेंटला किती राहिली? दोन वर्षं ना? मोखाड्याला एक जागा रिकामी आहे. तुम्हाला या वयात तिथली हवा मानवेल का, सांगा.”

दुपारी नवा मसुदा टाइप होऊन आला. ‘हे खरे नाही. कार्यालयामार्फत प्रत्यक्ष पाहणी केली असता साकव सुस्थितीत आढळून आला. त्यामुळे इतर प्रश्न उद्भवत नाहीत.’ त्याला पाहणीचा अहवाल जोडलेला होता, आणि अहवालाखाली सहीसाठी जागा होती. दिनानाथांनी सही केली. घरी येऊन त्यांनी साबणाने हात दोनदा धुतले, हे मालिनीबाईंच्या लक्षात आलं.

एवढं झाल्यावरही दिनानाथांच्या मनात एक आशा होती, आणि ती विधानसभेवरच होती. छापील उत्तराने तिथे काम भागत नाही. आमदार उभा राहतो, उपप्रश्न विचारतो, मंत्र्याला कोंडीत पकडतो. “साकव सुस्थितीत आहे म्हणता? चला, उद्या माझ्याबरोबर!” असं कुणी नुसतं म्हटलं तरी मंत्री घाबरून चौकशी लावील आणि साकव होईल. आपली लबाडी उघडी पडली तर पडू दे. अठ्ठावीस वर्षं ज्या सभागृहासाठी वाक्यं घडवली, ते एवढं तर करीलच.

म्हणून त्या बुधवारी शंकररावांनी “फाइल घेऊन बरोबर चला, उपप्रश्न निघाला तर माहिती लागेल” म्हटलं, तेव्हा दिनानाथ जवळजवळ आनंदाने जीपमध्ये बसले. वाटेत उल्हासनगरच्याच कॅम्प नंबर चारला शंकररावांनी एका सिंधी हलवायाकडे गाडी थांबवून मंत्रालयातल्या कुणासाठी तरी मिठाईचे चार पुडे घेतले. “साईं, पॅकिंग बढिया करना, ऊपर देना है,” ते म्हणाले. ते पुडे मुंबईपर्यंत दिनानाथांच्या मांडीवर, साकवाच्या फाइलवर ठेवलेले होते.

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मागच्या रांगेत त्यांना जागा मिळाली. समोर, वरच्या प्रेक्षकांच्या गॅलरीत, त्यांना भीमा दिसला. आमदाराने त्याला पास काढून दिला असावा. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर हात ठेवून तो देवळात बसावं तसा बसला होता. तो जरा कठड्यावर रेलला, तर पहारेकऱ्याने लगेच खांद्याला हात लावून त्याला सरळ बसवलं. गॅलरीत पायावर पाय टाकायचा नाही, रेलायचं नाही, बोलायचं नाही, असे तिथले नियम आहेत. खाली सभागृहात मात्र एक सन्माननीय सदस्य चपला काढून, मांडी घालून झोपले होते, आणि त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघून शेजारचे दोघे सुपारी कातरत हसत होते.

कारवीवाडीचा प्रश्न सातवा होता. पहिला प्रश्न कुठल्याशा कारखान्याच्या भोंग्याचा निघाला, त्यावर वीस मिनिटं गेली. दुसऱ्याच्या वेळी मंत्र्यांनी चुकून तिसऱ्याचं उत्तर वाचलं, आणि निम्म्या उत्तरापर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आल्यावर सगळं सभागृह खो खो हसलं, खुद्द मंत्रीही हसले. आपण रात्र रात्र जागून एकेक शब्द तोलून लिहितो तो या हशासाठी, असं दिनानाथांच्या मनात पहिल्यांदाच आलं.

तेवढ्यात कारवीवाडीचे आमदार उठले. दिनानाथ सावरून बसले. आमदारांच्या हातात कागद होता, आवाज चढलेला होता.

“अध्यक्ष महाराज! माझा घोर अपमान झालेला आहे!”

प्रकरण असं होतं. आमदारांच्या मतदारसंघात एका बसथांब्याजवळ सार्वजनिक शौचालय बांधलं होतं. त्याच्या कोनशिलेवर आमदारांचं नाव तिसऱ्या क्रमांकावर, आणि तेही बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. हा सभागृहाचा हक्कभंग आहे असं त्यांचं म्हणणं होतं. प्रश्नोत्तराच्या तासात हा विषय घेता येणार नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा आमदार खाली बसले नाहीत. त्यांच्या बाजूचे सगळे त्यांच्यासाठी उभे राहिले, म्हणून समोरच्या बाजूचे उभे राहिले. कुणी कागद भिरकावले. कुणी म्हणालं, तुमचं नाव आतल्या भिंतीवर लिहितात, बघून या. त्यावर प्रचंड हशा, बाक बडवणं, पुन्हा आरडाओरडा. झोपलेले गृहस्थ जागे झाले आणि कसला विषय आहे हे न विचारता ओरडू लागले. आमदार पुढच्या मोकळ्या जागेत येऊन मूठ उगारून गरजत होते, अगदी घामाघूम होऊन. मुतारीच्या दगडावरच्या अक्षरांसाठी!

दिनानाथ घड्याळाकडे बघत होते. बाराला पाच. बाराला दोन. बारा.

“प्रश्नोत्तरांचा तास संपलेला आहे,” अध्यक्ष म्हणाले. “उर्वरित प्रश्नांची उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आली आहेत, असं समजण्यात येईल.”

म्हणजे संपलं. कुणी विचारलं नाही, कुणी वाचलं नाही, आणि साकव सुस्थितीत असल्याचं कायमचं नोंदलं गेलं. पुढे तो कुणी बांधायला मागितला, तर याच नोंदीकडे बोट दाखवतील. दिनानाथांना वाटलं, उठावं आणि ओरडावं. पण या गॅलरीतही ओरडायचं नाही असा नियम आहे, आणि नियम मोडायची सवय त्यांच्या हाडात कधी नव्हतीच. शंकररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “सुटलो, प्रधान! काय टायमिंग आहे!” त्या थापेची दिनानाथांना इतकी शिसारी आली की ते खुर्चीतून जवळजवळ पळतच बाहेर आले.

बाहेर पायऱ्यांपाशी भीमा उभा होता. त्यांना बघून त्याचा चेहरा उजळला.

“सायेब! तुमी पन आलाव? बघितलात ना आमचा आमदार? काय भांडला वो आमच्यासाठी! सगली सभा उठवली त्यानं. समदे त्याच्या अंगावर धावून आलं, पन मागं सरला नाय.”

एवढ्या मोठमोठ्या आवाजातलं, निम्मं इंग्रजी मिसळलेलं भांडण म्हाताऱ्याला वरून कळलं नव्हतं. आपला माणूस मूठ उगारून लढतोय एवढंच त्याने पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर त्याचे डोळे भरून आले होते. राहू द्यावं असंच, दिनानाथांना वाटलं. म्हातारा आनंदाने घरी जाईल, वाडीवर चार दिवस सांगत बसेल. आपलं काय जातंय?

“मंग पान्याच्या आदी व्हनार ना साकव?” भीमाने विचारलं. “म्हंजे येसूला वाडीवरच ठेवतो. ती म्हनते, इथंच राहीन. तुमी सांगाल तसा.”

खोटं बोलणं आता सोपं राहिलं नाही. दिनानाथांनी खिशातून उत्तराचा छापील कागद काढला.

“भीमा, तुझा आमदार साकवासाठी भांडत नव्हता. त्याचं नाव एका दगडावर खाली टाकलं, म्हणून भांडत होता. तुमचा प्रश्न आलाच नाही.”

भीमाने कागदाकडे बोट केलं. “मंग या कागदात काय हाय?”

“साकव चांगला उभा आहे, असं आहे.”

“कोन बोलला असा?”

“मी,” दिनानाथ म्हणाले. “मी बघून आलो आणि साकव आहे म्हणून सही केली.”

पायऱ्यांवरून आमदार मंडळी हसत, एकमेकांच्या पाठीवर हात टाकत चहाला निघाली होती. कारवीवाडीचे आमदार त्यांच्यातच होते, आणि ज्याने भिंतीचा विनोद केला होता त्याच्याच खांद्यावर त्यांचा हात होता. जाताजाता त्यांनी भीमाला हात केला. भीमाने हात जोडले नाहीत.

फाटकापाशी जीप उभी होती. शंकररावांनी आतून हाक मारली, “प्रधान, आटपा! आणि त्या म्हाताऱ्याला बदलापूरला जायचं असेल तर बसू दे मागे. आपल्याला काय!” ते आज खुशीत होते.

“चल, भीमा. उन्हात कुठे जाशील?” दिनानाथ म्हणाले. त्यांना म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

भीमाने छातीवरचा पास काढला, त्याची घडी केली आणि तो दिनानाथांच्या हातात दिला.

“मी जाईन माझा. येसूला तिच्या आयशीकडं वांगनीला धाडतो,” तो म्हणाला. “तुमचा साकव तुमीच वापरा, सायेब.”