ठेवणीतलं यंत्र

आईच्या बांगड्या शोधायला कपाट उघडलं, तर बांगड्यांच्याच डब्यात कापसात गुंडाळलेलं तिचं कानाचं यंत्र सापडलं. दिवाळीत हौसेने आणलेलं. मी कपाळावर हात मारला.

नवे कप पाहुण्यांसाठी, मऊ चादर जावयासाठी, चांगली साडी कार्यासाठी. आपल्याकडच्या बायकांना चांगली वस्तू स्वतः रोज वापरणं म्हणजे उधळपट्टीच वाटते. पण म्हणून कानही ठेवणीत ठेवायचे? शेवटी शेवटी आजी आईलाच विचारायची, "तू कुणाची गं?" ते आईने सोसलंय. म्हणून तर डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, "मावशी, रोज चाला, बीपी सांभाळा आणि यंत्र लावत जा. ऐकू येईना की माणूस गप्प बसतो, मेंदूला काम उरत नाही. विसरण्याच्या आजाराचा धोका त्याने वाढतो." आईने शहाण्या मुलीसारखं हो म्हटलं. आणि आता बीपीची गोळी एक दिवसाआड घेते, लवकर संपू नये म्हणून!

"अगं, हे इथे का ठेवलंस?" मी तिच्या कानाशी ओरडले.

"रोज वापरून बिघडेल की. नातीच्या लग्नात घालीन."

"तोवर नात कोण, हे तुला आठवायला हवं ना!" मी डबा आपटत पुटपुटले.

आईने हसून मान डोलावली. हल्ली काही ऐकू आलं नाही, की ती अशीच हसून मान डोलावते.