नकाशावरचा लाल ठिपका

काठीचा दुसरा फटका धोंडिबांच्या कानशिलावर बसला, तेव्हा मी मध्ये पडले. तिसरा माझ्या मनगटावर आला.

हे काल संध्याकाळचं, विंझरच्या वरच्या एका वाडीतलं. पुढचा वणवा अडवायला गवत काढून जाळपट्टे कुठे मारायचे, हे ठरवायला देवळात बैठक होती. वनखात्याकडून गेलेल्या मी उपग्रहाचा नकाशा भिंतीवर लावला. मागच्या महिन्यात जिथे आग दिसली, तिथे लाल ठिपके होते. एक ठिपका धोंडिबांच्या भातखाचरावर होता.

त्याच महिन्यातल्या वणव्यात वाडीतल्या बाबूच्या शेळ्या गोठ्यात अडकून जळाल्या होत्या. तो उठला.

"आबाळातनं दिसलंय, म्हाताऱ्या. आता बोल."

"आरं, म्या राब भाजत हुतो. तू न्हाई भाजलास व्हय?"

भाजला होता. साऱ्या वाडीने भाजला होता. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, ही इथली रीत. उपग्रहाला फक्त उष्णता कळते, आणि त्याच्या एका ठिपक्यात अनेकांची खाचरं मावतात. मी हे ओरडून सांगत होते. तोवर बाबूबरोबर आणखी तिघांनी काठ्या उचलल्या होत्या.

नकाशा डोंगर वाचवायला असतो. त्यावरून माणूस धरला, तर उद्या आग कुठून लागली हे आम्हाला खरं कोण सांगेल? तुम्ही असता, तर तो नकाशा गावासमोर लावला असता का?

आज सकाळी वेल्ह्याच्या दवाखान्यात धोंडिबांना टाके घातले. जाळपट्टा आखायला वाडीतून कोणीच आलं नाही.